नाइन-इलेव्हनला एलएसडी लावू का?

प्रश्न : मी सीवूड्सला राहतो, वय ४६. गेल्या दिवाळीत बऱ्याच वर्षांची हौस पुरवली आणि २००७ सालची पोर्शे ९११ करेरा सेकंडहँड घेतली. मॅन्युअल गिअर, ड्राइव्ह फक्त मागच्या चाकांना. रविवारी पहाटे पामबीच रोड, कधी लोणावळा, कधी माळशेज, एवढाच वापर. मे महिन्यात माळशेज उतरताना वळणात समोर म्हैस दिसली म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला, तर गाडीची शेपूट बाहेर सरकली. पुढे जूनच्या पहिल्या पावसात पामबीच संपवून किल्ला जंक्शनला वळत होतो, तेव्हा आतलं चाक जागच्या जागी फिरलं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला. मित्र म्हणतो, मागचं एक चाक नुसतंच फिरू नये म्हणून बसवतात ती एलएसडी हवीच, एलएसडी नसलेली ९११ म्हणजे मीठ नसलेली आमटी. त्याने त्याच्या गाडीला लावलीय आणि खूश आहे. मला एकाने साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय. जानेवारीत चेन्नईजवळच्या ट्रॅकवर एक दिवस जायचा बेत आहे. बायको म्हणते, आधी बाथरूमचं लिकेज काढा. काय करू? (सोबत गाडीचा फोटो.)

उत्तर : लिकेज आधी काढा. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी जानेवारीपर्यंत थांबत नाही.

आता गाडी. तुमच्या पत्रात दोन प्रसंग आहेत आणि तुम्ही ते एकाच दुखण्याची दोन लक्षणं समजताय. तसं नाही. किल्ला जंक्शनला जे झालं ते वेगळं आणि माळशेजला झालं ते अगदीच वेगळं. एलएसडी विकणारा दोन्हींवर एकच गोळी देणार, कारण त्याच्याकडे तीच आहे. आपण एकेक बघू. पण त्याआधी रिक्षा.

हसू नका. रिक्षाचंही इंजिन मागेच असतं, ड्राइव्ह मागच्या दोन चाकांना, आणि मध्ये साधं डिफरन्शियल. तुर्भ्याला माझ्या गॅरेजसमोर गटाराचं काम चाललंय, तिथे गेल्या आठवड्यात एका रिक्षाचं डावं चाक चिखलात रुतलं. ड्रायव्हरने मूठ पिळली. डावं चाक भिरभिरतंय, मागच्या भिंतीवर चिखलाची रांगोळी, आणि उजवं चाक चांगल्या कोरड्या डांबरावर असून मख्खासारखं उभं. साध्या डिफरन्शियलचा स्वभावच असा. दोन्ही चाकांना ते नेहमी सारखाच जोर देतं. आणि चिखलातल्या चाकाला पेलवेल तेवढाच जोर डांबरावरच्या चाकाच्याही वाट्याला येतो. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही सोय. एरवी गुणाची, पण एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही रिकामं बसवणारी.

ट्रॅक्टर चालवलेल्यांना यावरचा उपाय माहीत असतो. टाचेखाली डिफ लॉकचं पेडल असतं, ते दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि ट्रॅक्टर चिखलातून निघतो. पण तेच पेडल दाबून ठेवून डांबरी रस्त्यावर वळायला गेलात तर वळवत नाही, टायर घासतात. एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, या दोन टोकांच्या मधली. चाकांना थोडं मागेपुढे होऊ देते, फार होऊ देत नाही. (घरात फोनवर बोलताना पूर्ण नाव घ्या. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाच्या सासूबाईंनी नुसतं 'एलएसडी मागवलीय' एवढंच ऐकलं आणि दोन दिवस घरात चूल थंड.)

त्या रिक्षावाल्याकडे डिफ लॉक नव्हतं. त्याने काय केलं असेल? मागच्या सीटवर उजवीकडे बसलेल्या गृहस्थांना म्हणाला, "काका, जरा डावीकडे सरका." काका सरकले, डाव्या चाकावर भार आला, चाकाने खाली पकड घेतली आणि रिक्षा बाहेर.

तुमच्या ९११ मध्ये ते काका कायमचे मागे बसलेले आहेत. अख्खं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं, त्यामुळे गाडी नुसती उभी असतानाही साधारण साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या दोन चाकांवर असतं. ॲक्सिलरेटर दाबला की आणखी मागे सरकतं. जुन्या ९११ चे रेसमधले फोटो बघा. वळणातून जोरात बाहेर पडताना आतलं पुढचं चाक हवेत असतं. पुढची बाजू कडक ठेवलेली असल्याने एका बाजूला झुकण्याचा बराचसा भार पुढचा ॲक्सल उचलतो आणि मागचं आतलं चाक त्या मानाने जमिनीला चिकटून राहतं. म्हणजे ज्या कामासाठी लोक एलएसडी लावतात, जोर रस्त्यावर उतरवण्यासाठी, त्यातलं बरंच काम या गाडीत इंजिनाचं वजनच फुकटात करतं.

तुमच्या मित्राची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागे अशी असणार. तसं असेल तर तो खोटं बोलत नाहीये. त्या मांडणीत मागची चाकं हलकी, वळणात आतलं तर फारच हलकं, आणि एलएसडी लावल्यावर गाडी खरोखर बदलते. फक्त त्याची आमटी वेगळी, तुमची वेगळी.

मग किल्ला जंक्शनला चाक का फिरलं? तुमचा फोटो मी मोबाइलवर मोठा करून पाहिला. गाडी सुंदर आहे. मागच्या डाव्या टायरच्या कडेवर लांबट खोबणीत चार आकडे दिसतात : १११६. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. म्हणजे तो टायर २०१६ च्या अकराव्या आठवड्यात, होळीच्या सुमारास बनलाय. नक्षी भरपूर शिल्लक आहे, कारण आधीच्या मालकाने गाडी चालवण्यापेक्षा पुसलीच जास्त असावी. पण रबर नक्षीवर नाही, वयावर जातं. नख रुतवून बघा, आणि मग नव्या टायरमध्ये रुतवून बघा. एवढ्या वयाचं कडक रबर आणि पहिल्या पावसाचा रस्ता. उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगत असते, त्या दिवशी मोटरसायकलवाला पोरगासुद्धा जपून वळतो. त्यात ३२५ हॉर्सपॉवर. चाक फिरणारच. आणि दिवा लुकलुकला ही तक्रार नाही, हजेरी आहे. तुमच्या मॉडेलमध्ये पीएसएम ही स्थैर्य राखणारी यंत्रणा कंपनीकडूनच येते. फिरणाऱ्या चाकाला ती स्वतःहून ब्रेक लावते आणि त्यामुळे जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. वळण संपल्यावर गाडी सरळ होती ना? मग तिने काम केलं.

या प्रसंगासाठी साडेचार लाखांची एलएसडी घेणं म्हणजे चप्पल झिजली म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन.

माळशेजचं प्रकरण मात्र गंभीर आहे. म्हैस सुखरूप आहे असं धरून लिहितो.

पाठीवर जड दप्तर घेऊन धावणारं पोर शाळेच्या कोपऱ्यावर झटकन वळतं तेव्हा काय होतं? पाय वळतात, दप्तर मात्र सरळ जायला बघतं आणि पोराला बाहेर ओढतं. तुमचं इंजिन हे ते दप्तर. वळणाच्या मध्यावर तुम्ही पाय उचललात, इंजिनने गाडीला मागे धरलं, भार पुढे सरकला, उतार असल्याने आणखीच सरकला. मागची चाकं हलकी झाली नेमकी त्या क्षणी, जेव्हा दप्तराला धरून ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर होती. शेपूट निघाली. ९११ ची ही खोड जन्मापासूनची आहे. कंपनीने दर पिढीत ती कमी करत आणली, पण इंजिन तिथेच आहे तोवर पुरती जाणार नाही.

आणि गंमत अशी की मागे इंजिन असलेल्या गाडीत एलएसडीचा खरा उपयोग इथे आहे, पाय उचलल्यावर. बहुतेकांना वाटतं ती पळण्यासाठी असते. पाय उचलताच किंवा ब्रेक लागताच एलएसडी मागची दोन्ही चाकं एका वेगाने फिरवायला बघते. वळणात दोन्ही चाकं सारखी फिरली म्हणजे गाडी सरळ जायला बघते, आणि बाहेर पडू पाहणाऱ्या शेपटीला तोच लगाम. कंपनीचे आकडेच पाहा ना. ९९७ पिढीतल्या जीटी३ मध्ये, म्हणजे तुमच्या गाडीच्या रेसिंगवेड्या सख्ख्या भावात, लॉक जोर देताना २८ टक्के आणि पाय उचलल्यावर ४० टक्के. त्याआधीच्या जीटी३ मध्ये ४० आणि ६०. पुढच्या ९९१ पिढीतल्या मॅन्युअल करेरांना जी मिळायची तिच्यात २२ आणि २७. आकडे दर वेळी बदलले, पण पाय उचलल्यावरचा आकडा दर वेळी मोठा. आता हे टक्के म्हणजे काय, तर ४० टक्के लॉक म्हणजे एका चाकाला ७० आणि दुसऱ्याला ३० इथपर्यंत वाटणी जाऊ शकते. २२ टक्के म्हणजे ६१ आणि ३९. साध्या डिफरन्शियलमध्ये कायम ५० आणि ५०.

मूळ जन्म मात्र पळण्यासाठीच झाला, हेही सांगून टाकतो. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी सोळा सिलिंडरची रेसची गाडी आखली. इंजिन ड्रायव्हरच्या मागे, पण मागच्या ॲक्सलच्या पुढे. ताकद इतकी, की चांगल्या वेगातसुद्धा एक मागचं चाक नुसतंच फिरायचं. शेवटी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून त्यावर घसरण रोखणारं डिफरन्शियल करून घेतलं. म्हणजे ज्या घराण्याची तुमची गाडी, त्याच घराण्यातल्या माणसाच्या डोकेदुखीतून हे औषध निघालं. आणि तरीही पुढे कित्येक वर्षं त्याच घराण्याने साध्या ९११ साध्या डिफरन्शियलवर विकल्या, एलएसडी हवी असेल तर वेगळे पैसे. यातून काय समजायचं ते समजा.

तर लावू का? आता नको.

आधी पुढचं बॉनेट उघडा. या गाडीत तिथे डिकी असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पांढरा स्टिकर असतो, त्यावर तीन-तीन आकडी कोड छापलेले. सर्व्हिस बुकातही त्याची प्रत असते. त्यात २२० शोधा. तो एलएसडीचा कोड. सेकंडहँड गाडीत ती आहे की नाही हे न बघता कोटेशन देणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही.

नसेल, तर टायर बदला. चारही, एकाच मेकचे आणि एकाच नक्षीचे, आणि शक्यतो कडेवर एन आणि पुढे आकडा असा शिक्का असलेले. तो पोर्शेने आपल्या गाड्यांसाठी मान्य केल्याचा शिक्का. पुढे मागे टायरचं माप वेगळं असतं, त्यामुळे 'पुढचे मागे टाकतो साहेब' म्हणणाऱ्या दुकानातून उठून या. मग अलाइनमेंट, पण तीसुद्धा दाखवण्यापुरती नाही. आमच्याकडे अलाइनमेंट म्हणजे पुढची चाकं बघितली की झालं, अशी एक समजूत आहे. ९११ मध्ये मागच्या चाकांचा टो बिघडला तर पाय उचलल्यावर शेपूट जास्तच चळते. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं आत वळलीत की बाहेर ते, आणि मागची चाकं जराशी आत वळलेली हवीत. ठाणे-बेलापूर रोडवरचे आणि घोडबंदरचे खड्डे खाऊन वीस वर्षांच्या गाडीचे मागचे रबरी बुश जर मऊ पडले असतील, तर मशीनवर आकडे बरोबर येतात आणि रस्त्यावर चाक आपल्या मर्जीने वळतं. म्हणून बुश आधी, अलाइनमेंट नंतर. हे सगळं करूनही तुमच्या साडेचार लाखांतले निम्म्याहून जास्त शिल्लक राहतील. प्लंबरला द्या.

आणि पाय. रागावू नका, पण माळशेजला निम्मी चूक पायाची होती. या गाडीत वेग वळणाच्या आधी उतरवायचा, स्टिअरिंग सरळ असताना, ब्रेक वापरून. वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटरवर पाय हलकासा ठेवायचा, जेमतेम वेग टिकेल इतका. मागच्या चाकांवर भार राहतो, दप्तर पाठीला चिकटून राहतं. वळणात घाबरून पाय सोडणं ही सवय इतर गाड्यांनी लावलेली असते, कारण पुढे इंजिन आणि पुढेच ड्राइव्ह असलेल्या गाड्या पाय सोडला की बहुतेक वेळा गुमान आत वळतात. म्हैस समोर आली तर ब्रेक लावावाच लागणार, ते कोण नाकारतंय. पण घाटात वळणापलीकडचं दिसत नसेल तर दिसेल तेवढ्यात थांबता येईल अशाच वेगाने जायचं. म्हशीला स्पोर्ट्स कार कळत नाही.

चेन्नईचं म्हणाल तर बिनधास्त जा. ट्रॅकवर पहिल्याच वेळी एलएसडीची उणीव जाणवण्याइतके वेगात तुम्ही नसाल, आणि तेच बरं. एक मात्र आहे. ट्रॅकवर पीएसएम आतल्या चाकाला सारखा ब्रेक लावत राहतं, त्यामुळे मागची ब्रेक पॅड अपेक्षेपेक्षा लवकर तापतात आणि झिजतात. निघण्याआधी ब्रेक ऑइल बदला, पॅड मोजून घ्या, आणि दर तीन-चार लॅपनंतर एक लॅप ब्रेक न मारता गाडी गार करा. पीएसएमचं बटण दाबून ते बंद करायचा मोह दुपारी जेवणानंतर होतो. करू नका.

हे करून दोन-तीनदा ट्रॅकवर गेलात, चटक लागली, जोरात ब्रेक लावताना मागची बाजू डोलतेय असं जाणवू लागलं, तर मग एलएसडी. तेव्हा मी स्वतः लावा म्हणेन. पण क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा. या कामासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि क्लचसाठीही उतरवावाच लागतो, मजुरी दोनदा कशाला भरायची? कोटेशनवाल्याला तोवर दोन गोष्टी विचारून ठेवा. पहिली, प्लेटांची (एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांची) की गिअरची? गिअरवाल्या एलएसडीत झिजायला प्लेटा नसतात, रस्त्यावर मऊ चालते, पण एक चाक पार हवेत गेलं की ती जवळजवळ साध्या डिफरन्शियलसारखीच वागते, आणि पाय उचलल्यावरचा लगाम प्लेटांइतका घट्ट नसतो. तुमचं दुखणं पाय उचलल्यावरचं, म्हणून प्लेटांची, आणि पाय उचलल्यावर जास्त लॉक होणारी. दुसरी, क्राउन व्हील, म्हणजे डिफरन्शियल फिरवणारं मोठं गिअर, नव्या एलएसडीवर चढवल्यावर त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरशी, म्हणजे पिनियनशी, त्याच्या दातांमधली फट आणि बेअरिंगचा दाब कोण सेट करणार? तिथे शिमच्या पातळ चकत्यांचा हिशोब असतो. तो चुकला की गिअरबॉक्स रडायला लागतो आणि कायम रडतो. 'बसवून देतो, काळजी नको' हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

माझीही फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मी प्लेटांची एलएसडी बसवली. ट्रायल झकास. तिसऱ्या दिवशी फोन : गाडी बेसमेंटमध्ये शिरताना हाडं मोडल्यासारखा आवाज करते. ठाण्यात त्यांच्या सोसायटीत गेलो. रॅम्प इतका गोल की पूर्ण स्टिअरिंग वळवून, पायी चालण्याच्या वेगाने उतरावं लागायचं, आणि प्रत्येक फुटाला मागून कड् कड् कड्. वॉचमनने हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाला, "साहेब, ढकलू का?" चूक माझी होती. प्लेटांच्या एलएसडीला घर्षण नियंत्रित करणारं ॲडिटिव्ह असलेलं तेल लागतं, मी घाईत साधं भरलं होतं. तेल बदलल्यावर आवाज बराच कमी झाला, पण पुरता गेला नाही, कारण अशा घट्ट वळणात थोडी कडकड ही प्लेटांची जातच आहे. तुमच्या सोसायटीचा रॅम्प कसा आहे ते एकदा बघून घ्या. रोज रात्री ते ऐकायची तुमची तयारी असेलही, पण त्या पार्किंगच्या वर पहिल्या मजल्यावर कोणीतरी राहतं.

आणि स्टिकरवर २२० निघालाच तर? मग गाडीत एलएसडी आहे, फक्त कदाचित नावापुरती. प्लेटा झिजल्या की ती गुपचूप साध्या डिफरन्शियलसारखी वागू लागते, ना दिवा ना आवाज. तपासायला मशीन लागत नाही. गाडी लिफ्टवर घ्या, मागची दोन्ही चाकं अधांतरी, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला, गिअर पहिल्यात. एक चाक दोन्ही हातांनी धरून फिरवा. नेटाने ओढूनही फिरत नसेल तर प्लेटा जिवंत आहेत, आणि माळशेजचा दोष टायरचा आणि पायाचा. सहज फिरलं आणि पलीकडचं चाक उलट्या दिशेने फिरू लागलं, तर प्लेटा गेल्या. त्या नव्या भरता येतात, आणि अख्खी नवी एलएसडी घेण्यापेक्षा ते काम खूपच स्वस्तात होतं. गिअरबॉक्स मात्र तेव्हाही उतरवावा लागेल, म्हणून क्लच किती उरलाय ते त्याच दिवशी बघून ठेवा.